मामांच्या नावाने माफी

हे वाचणाऱ्या कुणाला मी ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक लिहिता येतंय. घरी कुणाला माहीत नाही. मामांना तर नाहीच. तोंडाने हे मी कधी बोललेच नाही — एकटी असतानासुद्धा नाही. मनात विषय आला की मी हेडफोन लावते आणि कुणाचं तरी मिक्सिंगला आलेलं अर्धवट गाणं उघडून बसते. आज उघडलं नाहीये.

कुठून सुरू करू? मामांपासून करते.

बालाजीमामा माझे नात्यातले कुणी नाहीत. आमचं घर नांदेडला. बारावीनंतर मेडिकलच्या परीक्षेसाठी मी लातूरला राहून रिपीट करत होते, आणि जिथं जेवायला जायचे त्या मेसच्या वरच मामांचा स्टुडिओ होता. दोन खोल्या, भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांच्यावर गोधड्या. जयंतीची गाणी, हळदीची गाणी, निवडणूक आली की रिक्षावर वाजणारा प्रचार. मी ताट धुऊन जिन्यात उभी राहायचे, ऐकत. एक दिवस वरून आवाज आला, "जिन्यात उभी राहून फुकट ऐकतीस व्हय? वर ये की."

गेले. मग रोजच जाऊ लागले. मला माणसांत बोलता येत नाही, पण हेडफोन घातलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही — हे मला तिथं कळलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं एकेक बटण ते रंगावरून ओळखायचे. मी वाचून सांगायचे, ते माझा कान तयार करायचे. आमचं छान जमलं.

मामा थोर वगैरे नव्हते. बढाईखोर होते. त्यांची एकच मोठी बढाई — आपलं सॉफ्टवेअर ओरिजनल आहे. लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांत सगळे क्रॅक वापरतात, फुकट उतरवलेलं, आणि आपण एकट्यानं मोटारसायकल विकून विकत घेतलं. हे ते चहा घेताना सांगायचे, गाणं चालू असताना सांगायचे, गाणाऱ्याचा सूर लागत नसेल तरी सांगायचे. "बाकी सगळे चोर हायत. आपलं ओरिजनल." कंपनीचा मेल त्यांनी छापून फ्रेम करून भिंतीवर लावला होता. लायसन्सच्या नंबरासकट. हा नंबर कुणाला दाखवू नये, असं त्याच मेलमध्ये खाली लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं. सांगितलं का? नाही. का नाही, ते तेव्हा मलाही नीट ठाऊक नव्हतं.

दसऱ्याला त्यांनी माईक, कीबोर्ड, कॉम्प्युटर सगळ्यांची पूजा केली. फ्रेमलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मला म्हणाले, स्टेटसला टाकायला फोटो काढ. मी काढला. त्यांच्यासाठी एक, आणि नंतर फ्रेमचा जवळून आणखी एक. तो कशासाठी काढला, हे मला काढतानाच माहीत होतं.

परीक्षा जमली नाही. नांदेडला परत आले, बीएस्सीला गेले. लॅपटॉपवर माझंही क्रॅकच होतं, आणि ते दर थोड्या दिवसांनी मध्येच बंद पडायचं. एक दिवस मी फोटो मोठा केला, कुंकवाच्या ठिपक्यांमधून नंबर वाचला आणि टाकला. चाललं. सुरळीत चाललं. त्या रात्री मला झोप वगैरे लागली नाही असं काही झालं नाही — चांगली लागली. मी मनाशी हिशेब मांडला होता: कंपनी परदेशात, तिचं काय कमी झालं? मामांचंही तसंच चालू राहिलं. ज्यात कुणाचं काहीच कमी होत नाही, त्याला चोरी का म्हणायचं?

इथंच थांबले असते तर? थांबले नाही. आमच्या भागातल्या रेकॉर्डिंगवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता. मामा त्यात नव्हते; "चोरांच्या बैठकीत आपण बसत न्हाई" म्हणायचे. मी होते — नाव नाही, फोटोच्या जागी एक खंड्या पक्षी. कधी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. एका दुपारी भोकरचा कुणी तरी गयावया करत होता, क्रॅक बंद पडलं, उद्या रेकॉर्डिंगला पार्टी येणार, कुणाकडं काही हाय का. मी नंबर टाकला. मिनिटभरात सुरू झालं — "भाऊ, लई उपकार!" "भाऊ, जिंकलंस!" "कोण रे हा खंड्या? पाय धुऊन पानी पितो तुझं." आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्यावर इतकी माणसं बोलत होती. मी फोन उशीखाली ठेवून पुन्हा पुन्हा काढून बघत होते. मामांची आठवण झाली का? झाली. मेसेज डिलीट करता आला असता.

मार्चमध्ये मामांचा फोन आला. जयंतीच्या तोंडावर. कॉम्प्युटर उघडला की लाल चौकट येत होती, एकही गाणं उघडत नव्हतं. गायक येऊन बसले होते. "काय म्हणून राहिलंय माय हे? तू ये बरं."

मी सकाळच्या बसनं गेले. चौकट वाचली. हा नंबर अनेक ठिकाणी वापरला गेला आहे, म्हणून बंद केला आहे. काही सांगायचं असेल तर लिहा. मामांना सांगितलं की कंपनीला वाटतंय, नंबर तुम्ही वाटला. मामा खुर्चीत मागे सरकले. "मी? मी वाटला?" त्यांचा चेहरा मी बघितला नाही. कीबोर्डकडे बघत बसले.

ते म्हणाले, लिही. आणि मागे हात बांधून खोलीत फिरत सांगू लागले. "लिही — मी बालाजी. तुमचा माल मी रोकडा घेतला. कुण्या बापाला दिला न्हाई. चौकशी करायची तर खुशाल करा. पन मला चोर म्हणायचं काम न्हाई."

आणि मी इंग्रजीत लिहिलं — माझ्या हातून चूक झाली. मी हा नंबर काही मित्रांना दिला. मला माफ करा, पुन्हा असं करणार नाही. खाली त्यांचं नाव.

का? स्वतःला मी सांगितलं, भांडण्यापेक्षा माफी मागितली की कंपनी लवकर उघडून देईल, मामांची गाणी अडलीत. पण खरं ते नव्हतं. चौकशी झाली असती तर सगळ्यात आधी नांदेडचा एक लॅपटॉप सापडला असता, माझ्या नावावरचा.

"वाचून दाखव," मामा म्हणाले. मी स्क्रीनवर बोट ठेवलं, एकेका इंग्रजी ओळीवरून फिरवलं, आणि त्यांचीच वाक्यं त्यांना मराठीत वाचून दाखवली. कुण्या बापाला दिला न्हाई, हेसुद्धा. ते खूश झाले. "ठणठणीत झालं."

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं; मी अजून लातूरलाच होते. प्रामाणिकपणे कबूल केल्याबद्दल कंपनीनं आभार मानले होते आणि या एका वेळेपुरता नवा नंबर दिला होता. मी मामांना एवढंच सांगितलं की नवा नंबर दिला. मामांनी ते उत्तर छापून घेतलं. येईल त्याच्या हातात देऊ लागले — बघा, ठणकावून लिहिलं, कंपनी वाकली.

शिवा कीबोर्ड वाजवायचा. जळकोटचा, मामांचा जुना माणूस. त्यानं कागद सावकाश, ओठ हलवत वाचला, आणि म्हणाला, "मामा, ह्यात तर तुम्ही वाटल्याचं कबूल केलंय म्हणून राहिलेत." खोलीत गायक होते, त्यांच्या बायका होत्या. कुणी तरी हसलं. मी आतल्या खोलीत होते; मामांनी मला हाक मारून बाहेर बोलावलं. "माय, सांग ह्याला."

मी म्हणाले, "हा त्यांचा ठरलेला मजकूर असतो. सगळ्यांना हाच येतो."

शिवानं माझ्याकडे बघितलं. "खोटं बोलून राहिलीय ही, मामा."

"इंग्रजी शाळेत शिकलीय ती," मामा ओरडले. "तू मला शिकवतो? बारावी नापास! नीघ." शिवानं वायरी गुंडाळल्या, कीबोर्ड खांद्याला लावला आणि जिना उतरला. त्या वर्षीची गाणी दुसऱ्यानं वाजवली. पुढच्या वर्षीचीही. मामा त्याचं नाव काढत नाहीत. एखाद्या गाण्यात कीबोर्ड कच्चा लागला की नुसते मान खाली घालून ऐकत राहतात.

शिवा खरं बोलत होता. कंपनीच्या दप्तरी ज्याची कबुली आहे त्यानं काही केलेलं नाही, आणि ग्रुपमधला खंड्या मी आहे.

माझ्याकडे आता विकत घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

दर मार्चला मी अजून लातूरला जाते. नवीन गायक आला की मामा त्याला बसवून सगळं सांगतात — चोर म्हणायचं काम न्हाई असं कसं लिहिलं, कंपनी कशी वाकली. काहीजण कागद वाचतात आणि मामांकडे न बघता परत देतात. मामांच्या ते लक्षात येत नाही. ते माझ्याकडे वळतात. "हाय का न्हाई माय?"

मी म्हणते, "हाव, मामा."