जुना घरक्रमांक

त्या लिफाफ्यावरचा घरक्रमांक मला आजही आठवतो: अकरा. मी तेव्हा बेंगळुरूत चिकपेटजवळच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एक निवृत्त मराठी शिक्षिका निनावी पत्र घेऊन आल्या. गल्लीतल्या गटाराचे काम किती झाले याची नोंद असलेली मोजमाप-पुस्तिका त्यांनी पालिका कार्यालयाकडे माहिती अधिकारात मागितली होती. पत्रात दोनच वाक्ये होती: अर्ज मागे घ्या. तुम्ही एकट्या राहता, हे आम्हाला ठाऊक आहे.

"अक्का, थोडे दिवस भावाकडे जाता का?" मी विचारले.

"गटार माझ्या दारात तुंबतं, भावाच्या नाही. तुम्ही स्वल्प तपास करा की." त्यांच्या मराठीत असे कानडी शब्द सहज येत; 'स्वल्प' म्हणजे जरा.

गुन्हा नोंदवला. संशय कंत्राटदारावर होता, पुरावा नव्हता. खबर दिली ती पोस्टमनने. "सर, गल्लीत सगळे नवे क्रमांक चालतात. अक्कांचं घर सदतीस. या पत्रावर अकरा होतं, नाव बघून पोचवलं."

जुना क्रमांक बाईंनी एकाच ठिकाणी लिहिला होता: त्या अर्जात. गटाराच्या नकाशात जुनेच क्रमांक होते, म्हणून.

म्हणजे पत्ता पालिकेच्या कार्यालयातूनच बाहेर गेला होता. तिथल्या कारकुनाला बोलावले. त्याने लाच घेतली असणार, असे धरून मी दोन तास प्रश्न विचारले. शेवटी तो वैतागला.

"यात लपवायचं काय, सर? कंत्राटदाराचा अभिप्राय मागवला, सोबत अर्जाची झेरॉक्स जोडली. नेहमीच जोडतो."

जावक नोंदवहीत तशी नोंद होती, पोच घेणाऱ्याच्या सहीसकट. सही कंत्राटदाराच्या मुकादमाची. नोंदवही समोर ठेवल्यावर मुकादमाने पत्र आपणच लिहिल्याचे कबूल केले. आरोपपत्र गेले. इतके दिवस 'शोध सुरू' असलेली पुस्तिकाही बाईंना मिळाली.

त्या कार्यालयातून नागरिकाचा पत्ता चार दिवसांत बाहेर गेला आणि सार्वजनिक कामाचा कागद चार महिने आत राहिला. कारकुनाचा हेतू वाईट नव्हता. पद्धतच तशी होती, आणि पद्धतीवर गुन्हा नोंदवता येत नाही.

महिन्याभराने बाई पुन्हा आल्या. हातात नवा अर्ज, माझ्याच ठाण्याच्या नावे: वर्षभरात किती तक्रारींच्या प्रती तक्रारदाराच्या पत्त्यासह समोरच्या पक्षाला दिल्या?

"अक्का, आता माझ्यावरच?"

"सरी," त्यांनी कानडीत होकार भरला, "तुमचं उत्तर वेळेवर येईल म्हणून."

यापुढे पत्ता झाकूनच प्रत द्यायची, असा आदेश मी त्याच दिवशी काढला. मग आमची जावक नोंदवही उघडली. मोजायला दोन दिवस लागले.