रंगाचे दोन हात आणि लो-पास फिल्टर

बसच्या वर्कशॉपमधल्या एका रंगाऱ्याला उघडा पत्रा बघवत नसे. दिसला की हात शिवशिवायचे. जिन्याचा कठडा, टपालपेटी, गॅलरीतली झारी, झालंच तर शेजारी नको नको म्हणत असताना त्यांच्या सायकलींचे मडगार्ड, सगळ्यांवर त्याचा ब्रश फिरलेला. बायको म्हणायची, "मी दोन मिनिटं एका जागी उभी राहिले ना, तर मलाही प्रायमर फासाल." यावर तो खरोखरच विचारात पडल्यासारखा चेहरा करायचा.

रेडिओचा नाद मात्र मूळचा त्याच्या थोरल्या भावाचा. दादा दूरच्या एका बेटावर दीपगृह सांभाळायचा. तिथे फोन लागला तर लागला. म्हणून रंगाऱ्याने हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा दिली, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा पास झाला आणि गच्चीवर एरिअल चढवली. रोज सकाळी सातला पाव तास दोघं बोलायचे. बोलणं तरी काय, वारा कसा आहे नि गुडघा काय म्हणतोय. पण गेल्या वर्षी वहिनी गेली, आणि तेव्हापासून त्या पाव तासाखेरीज दादाचं कुणाशीही बोलणं होत नव्हतं. रंगाऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून अंगात ताप असला तरी सातच्या ठोक्याला तो सेटपुढे हजर.

आता नशीब बघा. तळमजल्यावरच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा सकाळी सातच्या बातम्या निवांत बघायला बसल्या. वर रंगारी माईकवर बोलला की खाली बातम्या देणारीच्या तोंडावर आडव्या पट्ट्या. बाईंनी आठवडाभर सोसलं, मग बिल्डिंगच्या सेक्रेटरीला गाठलं. सेक्रेटरीने फर्मान काढलं, "पुढच्या रविवारपर्यंत बंदोबस्त करा. तोवर सकाळी सेट बंद. नाही जमलं तर सोमवारी एरिअल खाली."

रंगाऱ्याने बेटावरचा फोन लागेपर्यंत फिरवत ठेवला. दादाला सांगितलं तर तो नुसतं "बरं" म्हणाला.

इलाज तसा माहितीतला होता. सेट ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, तिच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीवरही थोडी ऊर्जा बाहेर सांडतो, आणि ती नेमकी टीव्हीच्या चॅनेलवर जाऊन बसते. त्यासाठी सेट आणि एरिअल यांच्यामध्ये लो-पास फिल्टर बसवायचा: पत्र्याचा बंद डबा, आत तांब्याच्या तारेची वेटोळी आणि कपॅसिटर. खालच्या फ्रिक्वेन्सीला तो वाट देतो, वरच्यांना आल्या पावली परत पाठवतो. बायकोने एका शब्दात निकाल लावला, "गाळणी."

दोन संध्याकाळी खपून त्याने फिल्टर केला. देखणा झाला. तिसऱ्या संध्याकाळी बायको बाईंच्या टीव्हीसमोर जाऊन बसली, याने वर माईक उघडला, आणि तिचा फोन आला, "आहेत हो पट्ट्या." त्याने वेटोळी सोडवून पुन्हा गुंडाळली. पट्ट्या तशाच. कपॅसिटर बदलले. पट्ट्यांनी दाद दिली नाही. शनिवार उजाडला तेव्हा त्याला जेवणही जाईना.

त्या संध्याकाळी फिल्टरची चाचणी चालू असताना दादा हवेवर आला. याने सगळा पाढा वाचला. 

"डब्याला रंग दिलास?" दादाने विचारलं.

"म्हणजे काय. निळा. दोन हात."

"आतून?"

"आतूनही."

"झाकणाच्या कडांना? अर्थिंगच्या बोल्टखाली?"

रंगाऱ्याने डब्याकडे पाहिलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. रंगातून वीज जात नाही. झाकण डब्यावर गच्च बसलेलं दिसत होतं, पण धातूला धातू कुठे टेकतच नव्हता, आणि अर्थिंगची तार तर सरळ रंगावरच कसलेली. नको असलेल्या फ्रिक्वेन्सी फटींतून खुशाल बाहेर पडत होत्या.

"शहाणा आहेस," दादा म्हणाला. "खरवड आता."

तीस वर्षं पत्रा झाकण्यात घालवलेला माणूस पॉलिश पेपर घेऊन आपलाच रंग उतरवायला बसला. कडा, झाकण, बोल्टची जागा, सगळं चकचकीत उघडं होईतो घासलं. जीव तुटत होता. बायको बघत होती, पण या एका वेळेला तिने थट्टा केली नाही.

रविवारी सकाळी सातला बाईंच्या टीव्हीसमोर सेक्रेटरी हाताची घडी घालून उभा, शेजारी बायको. वर रंगारी माईकवर एक ते दहा आकडे म्हणत होता, दहानंतर उलटे. फोन वाजला. यावेळी स्वतः बाई होत्या.

"तुम्ही बोलायला लागलात का?"

"केव्हाचा बोलतोय, बाई."

"मग बोला की. इथे सगळं स्वच्छ आहे. आणि सेक्रेटरींना मी चहाला बसवलंय, ते काही आता गच्चीवर जात नाहीत."

रंगाऱ्याने डोळे पुसले आणि माईक तोंडाशी धरला. "दादा, एरिअल राहिली. उद्यापासून पुन्हा रोज सातला. ओव्हर."

पलीकडून लगेच उत्तर आलं. 

"आठवडाभर मी सातला सेट न लावता बसायची सवय करून बघत होतो," दादा म्हणाला. "एक दिवससुद्धा जमलं नाही रे."