मन्याराचा तवा

अमडापूरच्या पुरुषांना कशावरही मत असे. कोणाची विहीर कुठं खणायला हवी होती, बुलढाण्याच्या कोर्टात कोणाचा निकाल चुकला, कोणाच्या पोरीला कोणतं स्थळ पाहायला हवं होतं, सगळ्यावर. मत द्यायला त्यातलं काही कळावं लागतं अशी त्यांची समजूत नव्हती. माझे यजमान शाळामास्तर, त्यामुळे त्यांच्या मताला तर बसायला पाट मिळे. लग्न होऊन मी बुलढाण्याहून इथं आले तेव्हा मला या सगळ्याची गंमत वाटायची. पुढे मन्याराच्या तव्याचं जे झालं ते पाहिलं आणि ती गंमत मला पुन्हा कधी वाटली नाही.

मन्यार म्हणजे आमच्या गावचा मुसलमान बांगडीवाला. वयानं सासूबाईंच्या बरोबरीचा, दाढी पिकलेली, बोटं मात्र बाईसारखी मऊ. सगळ्या बायका त्याला चाचा म्हणत. परक्या पुरुषाच्या हातात बाईनं हात द्यायचा तो फक्त बांगड्या भरताना, आणि त्याला सासूचीही हरकत नसे. मनगटावर नेमकी बसणारी काचेची बांगडी पंजातून सहज जात नाही. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड असतं तिथं ती अडते. तिथंच बाई भिऊन हात आखडते, आणि हात आखडला की बांगडी तरी वाढते, नाहीतर कातडं तरी सोलतं. चाचा त्यासाठी गात असे. शब्द त्याचेच, चालही त्याचीच.

"मुठीत तुह्या गं काय, बाई, मुठीत धरलं काय..." एवढं म्हणून तो थांबायचा. ओसरीवरच्या साऱ्याजणी गप्प व्हायच्या. कारण पुढचा शब्द दर बाईला वेगळा मिळे. कोणाच्या मुठीत माहेर निघे, कोणाच्या मुठीत नणंदेचं गुपित, कोणाच्या मुठीत नवऱ्यावरचा राग. आपल्याला आता काय म्हणतो याची वाट पाहता पाहता बाई हात विसरून जायची. चाचा शब्द टाकायचा, ओसरी हसायची, आणि बांगडी केव्हाच मनगटात जाऊन बसलेली असायची. मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा त्याच्यापुढे बसले तेव्हा माझ्या मुठीत त्यानं बुलढाण्याचा गार वारा काढला. मी हसले आणि लगेच रडले. दोन्ही हात भरून झाले तरी मला पत्ता नव्हता.

एकदा बाजाराच्या दिवशी चावीचे फोनो विकणारा एक कंपनीचा माणूस गावात आला. लिंबाखाली चाचा बांगड्या भरत होता. तो माणूस म्हणे आपलं दुकान सोडून तिथंच उभा राहिला, आणि काही दिवसांनी कंपनीच्या बोलावण्यावरून चाचा गाणं भरायला खामगावला जाऊन मुंबईची गाडी धरून गेलासुद्धा. परत आला तो थेट आमच्या ओसरीवर.

"एका खोलीत उभं केलं मले," तो सांगू लागला. "चहूकडून जाडे पडदे. म्हणे, गा. मी म्हटलं, हात कोणाचा? सारे हसाले लागले. आता हाताबिगर मी कसा गाऊ? मंग माहाच डावा हात उजव्या हातात धरला अन् गायलो."

"अन् मुठीत काय काढलं?" सासूबाईंनी विचारलं.

"माहेर काढलं, बाई. म्हटलं, तवा कोणाच्याबी घरी जाईन. माहेर तं साऱ्याईलेच असते."

रेकॉर्डला तेव्हा आमच्याकडे तवाच म्हणत. कंपनीच्या माणसानं त्याला सांगितलं होतं, हा तवा लोकांना आवडला तर पावसाळा सरल्यावर आणखी गाणी भरून घेऊ. चाचाकडं गाणी होती. पेरणीची होती, सवतीची होती, मेलेल्या मुलीची एक होती. ती त्यानं आम्हाला कधीच पुरी ऐकवली नव्हती. त्या वयात, पिकल्या दाढीला, त्याला पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटू लागलं होतं. ती गाणी आपल्या मागं राहावीत एवढंच. ते तो लपवतही नव्हता.

गावात फोनो एकच, मोटार थांबायची तिथल्या चहाच्या हॉटेलात. तिथं बाईमाणूस जात नसे. तवा आला तो तिथंच आला, आणि पहिल्या संध्याकाळी सारा पुरुषवर्ग तिथं लोटला. आम्ही घरोघरी चुलीशी बसून वाट पाहत राहिलो, कोणी येऊन सांगतं का.

यजमान जेवायला बसले तशी मी विचारलं, "कसं झालं गाणं?"

"आवाज गोड आहे, वादच नाही. पण पाठांतर कच्चं," ते म्हणाले. "दर कडव्याच्या शेवटी शब्द विसरतो. एकदम गप्प. आपल्याला वाटावं चावीच संपली. मग कुठं आठवतो."

माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. सासूबाई मात्र खो खो हसत सुटल्या.

"अरे बाबू, तिथं बांगडी जाते! तुले कोणी बांगड्या भरल्या असत्या तं समजलं असतं."

मी त्यांना नीट समजावलं. हाड कुठं असतं, बांगडी कुठं अडते, चाचा का थांबतो, सगळं. माझा हात पुढं करून दाखवलं. यजमान माणूस सरळ. "असं होय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाऊन त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यानं उलटंच झालं. भजनी मंडळाचा पेटीवाला तिथं होता. गाण्यातलं गावात त्याचं म्हणणं शेवटचं. तो म्हणाला, "मंग तं हे बायकाईचं गाणं झालं. बायकाईचं गाणं ओसरीत म्हणावं, तव्यात काऊन भरावं?" आणि सगळे हसले. यजमानांनी घरी येऊन हेही सांगितलं. सांगताना तेही थोडे हसले, हे मी विसरलेले नाही.

मग तिथं एक खेळच सुरू झाला. तवा लागायचा, गाणं थांबण्याच्या जागी आलं की बाकांवरून आरोळ्या उठायच्या. "आठव बे, आठव!" कोणी ओरडे "भाकर!", कोणी "बिडी!" आणि माहेर शब्द येई तो त्या हशात बुडूनच जाई. चाचा बाहेरच्या बाकावर बसलेला असे. तोही हसे.

एक सांगते, त्या लोकांच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्यांना त्याचा अभिमानच होता. चिखलीकडून येणाऱ्या मोटारीतल्या माणसांना बोलावून ते तवा ऐकवत, हा आमच्या गावचा माणूस म्हणून त्याला पुढं ओढत, चहा पाजत. आणि मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून चुका सांगत. गाणं संथ आहे. पेटी नाही, तबला नाही, नुसता गळा कोण ऐकेल? आणि ते थांबणं तेवढं काढून टाक. शत्रूनं काढलेली खोड माणूस झटकून टाकतो, पण चहा पाजणाऱ्याची मनाला लावून घेतो. चाचानं लावून घेतली.

पेटीवाल्यानं त्याला शिकवायचं कबूल केलं, तेही आपणहून. सारा पावसाळा चाचा त्याच्या ओसरीवर बसून शिकत होता. एक ओळ संपली की तिची शेपटी धरून दुसरी यायला हवी, मध्ये श्वासाचीही फट नको. बाजारातून येता-जाता आम्हाला ऐकू यायचं. आम्हाला वाटे, तव्यासाठी शिकतो आहे, शिकेना का. हाताला हात लागला की गाणं आपलं पहिल्यासारखंच येईल.

मला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात माझ्या हिरव्या बांगड्या भरायला तो आला तेव्हा कळलं, ते तसं येणार नव्हतं. त्यानं माझा हात हातात घेतला, "मुठीत धरलं काय" म्हणाला, आणि त्याच दमात "माहेर" म्हणून पुढं निघून गेला. मी अजून वाट पाहायलाही लागले नव्हते. हात आखडलेलाच होता. बांगडी हाडावर आली आणि कडकन गेली. त्यानं दुसरी घेतली, पुन्हा तसंच गायला, आणि तीही गेली. मनगटावर रक्ताची रेघ उमटली. गरोदर बाईच्या हातातली हिरवी बांगडी अशी वाढणं म्हणजे सासूबाईंच्या काळजालाच हात. त्या ताडकन बोलल्या.

"चाचा, गाणं थ्या हॉटेलात ठेवा. इथं हाताकडं पाहा!"

चाचाचा चेहरा उतरला. त्यानं स्वतः तांब्यातलं पाणी घेऊन माझा हात धुतला. उरलेल्या बांगड्या न गाता, हळूहळू भरल्या. त्या दिवसापासून गावात कोणाच्याच ओसरीवर तो गायला नाही. माझं मूल सुखरूप झालं, काही अशुभ घडलं नाही, पण ते शब्द काही सासूबाईंना परत घेता आले नाहीत.

संक्रांत आली. यंदाच्या हळदीकुंकवाला वाण कमी देईन पण तो फोनो घरात आणा, असा मी हट्ट धरला. यजमानांनी हॉटेलवाल्याची विनवणी करून आणला. चावी देऊन, सुई ठेवून ते परसात निघून गेले, आणि अमडापूरच्या बायकांनी चाचाचा तवा पहिल्यांदा ऐकला.

"मुठीत धरलं काय..." आणि गाणं थांबलं. तव्याची नुसती खरखर. मी सगळ्यांकडे पाहिलं. ओसरीभर मांडीवर ठेवलेले हात होते, म्हाताऱ्यांचे, पोरींचे, आणि एकेक मूठ आपोआप सुटत होती. मग तो म्हणाला, "माहेर." पाटलाच्या घरची थोरली सून पदर डोळ्यांना लावून बसली. पुन्हा लावा, पुन्हा लावा, असं कितीदा झालं कोण जाणे. शब्द विसरला, असं एकीच्याही मनात आलं नाही. मला फार राग आला. ज्यांच्यासाठी गाणं होतं त्या आम्ही घरात, आणि मत घेतलं गेलं ते ज्यांनी जन्मात कधी हातात काच घातली नाही त्यांचं. आजही ते आठवलं की मला चैन पडत नाही.

सासूबाईंनीच त्याला बोलावणं धाडलं. तो आला आणि ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. रिकाम्या हातानं, टोपली न घेता.

"चाचा, थ्या दिवशी मी बोलली ते पोटात घाला," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही दुपारधरून हेच ऐकून राह्यलो. याच्यात काईच चूक नाही. तुम्ही मुंबईले जा अन् असंच गा. कंपनीचा सांगावा आला ना?"

"आला, बाई. याच महिन्यात ये म्हणते."

त्यानं तवा पुन्हा लावायला सांगितला. मान खाली घालून ऐकला. हॉटेलात इतक्यांदा ऐकला होता, पण हशाशिवाय कधी नव्हता. संपल्यावर म्हणाला, "इतका थांबलो होतो व्हय मी?"

"थांबले म्हणून तं," पाटलाची सून म्हणाली, आणि तिनं आपला हात पुढं केला. "गा, चाचा."

तो पायरीवर बसला, तिचा हात हातात घेतला आणि गाऊ लागला. ओळ सरळ माहेरवर जाऊन आदळली. त्यानं मान हलवली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तसंच. पेटी नव्हती, पेटीवाला नव्हता, तरी कोणी मागून ढकलल्यागत गाणं पुढं पळत होतं. तिसऱ्यांदा त्यानं दात आवळले आणि जागेवर थांबला. तो थांबलेलाच राहिला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तिच्या हाताकडे तो पाहत राहिला, मग आमच्याकडे पाहिलं.

"थांबलो, बाई," तो म्हणाला, "अन् आता खरंच आठवत नाही."

तो शब्द आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. ओसरीवरच्या लहान पोरींनासुद्धा. पण कोणी सांगितला नाही. पुरुष हॉटेलात ओरडून सांगत होते तसाच आम्हीही सांगायचा का, हेच प्रत्येकीच्या मनात आलं असावं. चाचानं तिचा हात अलगद तिच्या मांडीवर ठेवला, सासूबाईंनी दिलेला तिळगूळ घेतला आणि घरी गेला. मुंबईला तो परत गेलाच नाही. मेलेल्या मुलीचं ते गाणं कसं होतं, ते आम्हाला कोणालाच सांगता येत नाही.