भावाच्या दारातली जीप

मुरबाडहून शहापूरला मी ज्या जीपनं जातो, तिचा ड्रायव्हर बोलायला लागला की दोन्ही हात हलवतो आणि आम्ही सगळे घाबरून स्टिअरिंगकडे बघत राहतो. नदीत बाप्तिस्मा घेऊन तो ख्रिस्ती झाला, तेव्हापासून तर त्याचा आनंद जीपमध्ये मावेना. "ऐका तं खरं!" म्हणत रोज सुरू व्हायचा.

एका सकाळी त्यानं एका घरासमोर कचकन ब्रेक मारला. "देव कवापासून सांगतोय, भावाकडं जा. आज जातोच!"

शेताच्या बांधावरून भांडताना यानं थोरल्या भावावर हात उचलला होता. तेव्हापासून दोघांत अबोला होता.

भाऊ अंगणात कोयत्यानं बांबू तासत होता. ड्रायव्हर खाली उतरला तशी त्यानं मान वर केली.

"आमचा देव सोडलास ना? मंग इथं कशाला आलास?"

"नव्या देवानंच धाडलाय, दादा. मी तुला मारलं, चुकलं माझं. माफ कर."

तो रडत होता आणि हसतही होता.  भावानं कोयता खाली ठेवला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगो, चहा ठेव गो! धाकटा आलाय, आन् जीपभर मानसं घेऊन आलाय!"

कामाच्या घाईतले आम्ही सगळे चहाला धडाधड उतरलो.