हळदीच्या पाण्यातली भोकरी

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, गळ्यात तुळशीची माळ घालतात. दारूचं नाव घरात निघू देत नाहीत. आणि त्यांचाच मुलगा, म्हणजे आमचे हे, नरडाण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून वाइन करायला बसले. आता बोला!

मळ्यात आबांनी लावलेला भोकरी द्राक्षांचा जुना मांडव आहे. हिरवट पिवळं, बियांचं द्राक्ष, पण असं गोड की बोटं चिकटतात. बाजारात मात्र बिनबियांच्या द्राक्षांपुढे त्याला कुत्रं विचारत नाही. शेवटी कंटाळून आबांनी वेल तोडायचं ठरवलं आणि एकेका बुंध्यावर चुन्याची फुली मारली. ह्यांनी एक हंगाम मागून घेतला. छोट्या वायनरीचा परवाना मंजूर झालाच होता. वाइन जमली तर वेल राहतील, नाही तर कुऱ्हाड, असं बापलेकांत ठरलं. माळकरी माणूस याला कबूल कसा झाला, हे मी विचारलं नाही. त्या वेलांवर त्यांचा किती जीव आहे, ते मला दिसत होतं.

तोडणी झाली आणि हे परवान्याच्या कागदांसाठी धुळ्याला गेले. इकडे ओसरीवर क्रेटांची रास. माझं माहेर जामनेरकडचं, केळी-कापसाचं. द्राक्षातलं मला ओ की ठो कळत नाही. बघते तर मण्यांवर पांढरट धूळ. म्हटलं, फवारणीचीच असणार. घरात मुलांना द्राक्षं देताना करते तेच केलं. मोठ्या घंगाळात मीठ-हळदीचं पाणी केलं आणि संध्याकाळपर्यंत घडन् घड चोळून धुतला. कंबर मोडली, पण द्राक्षं लख्ख झाली. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ती चुरून पिंपात भरली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रस फसफसायचं नाव घेईना. चौथ्या दिवशी ह्यांचं जेवण सुटलं. वाढता वाढता मी सहज म्हणाले, एवढी स्वच्छ धुऊन दिली होती, मग बिघडलं कुठे? ह्यांचा घास हातातच राहिला. रागावले असते तर मी दोन शब्द उलट सुनावले असते, माझं तोंड काही कमी नाही. पण हे हळू आवाजात समजावत बसले, की बाहेरून खमीर घालायचं नाही ही आपली पद्धत, आणि रस ज्याने फसफसतो ते त्या धुळीतच असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तव्यावरची पोळी करपली.

आबा दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ते मळ्यात गेले आणि टोपली भरून घड घेऊन आले. दरवर्षी मांडवाची शेवटची ओळ ते पाखरांसाठी न तोडता ठेवतात. पोरासोरांनी एक मणी तोडला तरी ओरडतात. ती ओळ त्यांनी रिकामी केली होती. टोपली माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाले, "पाखरेसना वाटा शे. धुवू नको."

ते घड आम्ही घागरीत चुरले. दोन दिवसांत घागर फेसाळली, तशी ती पिंपात ओतली. त्यानंतरच्या सकाळी आबा आले, पिंपाला कान लावून वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. आत बारीक चरचर चालली होती. थेंबही चाखणार नव्हते ते, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता.

मग मला म्हणाले, बादलीभर पाणी आण. मी घाबरतच बादली घेऊन मांडवापर्यंत त्यांच्या मागे गेले. त्यांनी पहिल्या बुंध्यावरच्या चुन्याच्या फुलीवर बोट ठेवलं.

"आते हाई धुई टाक."

सगळे बुंधे मी एकटीने धुतले, रडत रडत.