सही केलेला कोरा कागद

नवी सरकारी इमारत उभी राहिली की नारळ फुटतो, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. त्याच इमारतीचा स्लॅब चार पावसाळ्यांनी गळायला लागला की तिथे कोणी हार घेऊन येत नाही. तिथे किशोरी चिंदरकर जाते. खांद्याला पिशवी, पिशवीत टेप, छोटी हातोडी आणि मोजमापाची वही. उपकेंद्र असो, शाळा असो, बंदरावरचं विश्रामगृह असो, ती भिंतीवर हातोडीने टकटक करत जाते आणि गिलावा पोकळ वाजला की तिथे खडूने गोल काढते. खाऱ्या वाऱ्याने आतल्या सळ्या गंजून फुगतात आणि बाहेरून सगळं साबूत दिसतं.

हे काम तिला शिकवलं एजाजभायांनी. एजाजभाय खारेपाटणचे. सरकारी इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेणारे लहान कंत्राटदार. कुडाळात एका गाळ्यात त्यांचं ऑफिस, तिथे एक टेबल, एक कपाट, एक प्रिंटर. मालवणला सिव्हिलचा डिप्लोमा करून किशोरी तीन वर्षं नुसती परीक्षा देत घरी बसली होती. आचऱ्याहून आतल्या तिच्या वाडीत लोक विचारून विचारून थकले होते. तेव्हा ह्या माणसाने तिला ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी लेकीला सांगावं तसं सांगितलं, "गो चेडवा, डिप्लोमा घराक ठेव. हयसर हातोडी चलता."

एजाजभाय दिवसभर साइटवर. आज खारेपाटण, उद्या देवगड. आणि ओरोसच्या जिल्हा कचेऱ्यांना पत्र हवं असतं ते आजच्या आज. मुदतवाढीचं पत्र, काम पूर्ण झाल्याचं पत्र, नाना तऱ्हा. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. दर सोमवारी दहा-बारा कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून, शिक्का मारून ते कपाटाच्या खणात ठेवत. किशोरी वर मजकूर छापायची. अट एकच, छापण्याआधी फोनवर मजकूर वाचून दाखवायचा. सिमेंट कालवता कालवता, मशीनच्या घरघरीत ते ऐकत आणि म्हणत, "हां, बरां लिवलंस. छाप." इतक्या दिवसांत तिने एकही पत्र त्यांना न ऐकवता छापलं नव्हतं.

मग ती जाहिरात आली. सरकारी इमारतींच्या देखभालीसाठी कनिष्ठ अभियंता. कायम नोकरी, जिल्ह्यातच. डिप्लोमा हवा, लेखी परीक्षा, आणि इमारत दुरुस्तीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव मार्चअखेर पुरा झालेला हवा. किशोरीने बोटं मोजली. एजाजभायांकडे ती लागली होती ऑगस्टमध्ये. म्हणजे दोन वर्षं आणि सात-आठ महिने. चार-पाच महिन्यांनी गाडी हुकत होती. तिचं वय एकोणतीस. पुढची जाहिरात कधी निघेल ते देवालाच ठाऊक.

त्या दिवशी दुपारी गाळ्यात ती एकटी होती. तिने खणातून एक सही केलेला कागद काढला आणि वर अनुभवाचा दाखला छापला. ऑगस्टच्या जागी मार्च लिहिलं. फोन हातात घेतला, एजाजभायांचं नाव काढलं, आणि फोन पालथा ठेवला. त्या मार्चमध्ये ती कुठे होती हे तिला पक्कं आठवत होतं. आवशीबरोबर, म्हणजे आई लक्ष्मीबरोबर, डोक्याला फडका बांधून काजूच्या बिया गोळा करत होती.

परीक्षा तिने आपल्या हिमतीवर दिली. जिल्ह्यात चौथी आली. हे खोटं नव्हतं, आणि हेच ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

कागद तपासणी ओरोसला होती. टेबलापलीकडे एक मध्यमवयाच्या मॅडम बसल्या होत्या. एकेक कागद उलटत त्या अनुभवाच्या दाखल्यापाशी थांबल्या. "सगळ्यांचे दाखले फोन करून तपासतोय हां, तुमचाच नाही," असं म्हणून त्यांनी लेटरहेडवरचा नंबर लावला आणि फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"बोला मॅडम, नमस्कार." एजाजभायांचा आवाज. मागे मशीन चालू होतं.

"किशोरी चिंदरकर तुमच्याकडे मार्चपासून काम करतात, असा दाखला आहे. बरोबर?"

पलीकडे मशीन बंद झालं. कोणाला तरी "जरा थांब रे" म्हटल्याचं ऐकू आलं. ज्या माणसाने नमाज चुकवला नाही आणि कामात सिमेंटचं घमेलं चुकवलं नाही, तो माणूस त्या शांततेत उभा होता, आणि त्याला तिथे उभं केलं होतं किशोरीने.

"दाखल्यावर सही माझी आहे ना?"

"आहे. शिक्काही आहे."

"मग ते माझंच म्हणणं आहे, मॅडम."

मॅडमनी बरोबरची खूण केली. किशोरी पात्र ठरली.

दुसऱ्या दिवशी ती गाळ्यात गेली ती मान खाली घालून. वाटेत तिने शंभर वाक्यं जुळवली होती. एजाजभाय आधीच येऊन बसले होते. त्यांच्यासमोर खणातले उरलेले सात कागद होते आणि ते पट्टी धरून प्रत्येक सहीवर तिरकी रेघ ओढत होते.

"या, बसा," ते म्हणाले. "अभिनंदन तुमचं."

या. बसा. तुमचं. ज्या तोंडून तिने आजवर "गो" आणि "चेडवा" सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं, ते तोंड तिच्याशी ओरोसच्या साहेबाशी बोलावं तसं बोलत होतं. शिव्या दिल्या असत्या तर तिने पदर पसरून घेतल्या असत्या.

"एजाजभाय, माका तुमका सांगूचा होता..."

"आजपासून पत्र आधी लिहून आणत जा. मी वाचून सही करीन." त्यांनी सात कागद फाडून टोपलीत टाकले. "शाळेचं मोजमाप आज द्यायचंय. साडेदहा वाजलेत."

एवढंच. पुढे पंधरा दिवस ती तिथे काम करत होती, आणि पंधराही दिवस ते तिच्याशी शुद्ध मराठीत बोलले.

इकडे घरी दाजींचे पाय जमिनीवर नव्हते. दाजी म्हणजे किशोरीचे बाबा. उभा जन्म भात आणि काजूत गेलेला माणूस. मुलीने सरकारी नोकरी मिळवली म्हणून त्यांनी सातेरीच्या देवळात गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या वाडीसमक्ष देवीकडे मागणं, घालायचं ठरवलं. वाडीतली पन्नासेक माणसं जमली. किशोरी अंघोळ करून, केस बांधून देवीसमोर उभी राहिली. लहानपणापासून ह्या देवळात ती न बोलता येत असे, न बोलता जात असे. मागणं म्हणून कधी मोठ्याने केलं नव्हतं. देवीला सगळं कळतं, असा तिचा साधा हिशेब. आज तोच हिशेब अंगावर आला होता.

मानकऱ्याने नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाज लावला.

"बा सातेरी म्हाराजा! ह्या दाजीच्या लेकरान आज नोकरी मिळवल्यान..."

"व्हय म्हाराजा!" सगळी माणसं एका आवाजात.

"कोणाच्या दाराक जावक नाय, कोणाचा वायट करूक नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"खऱ्या वाटेन गेला, आपल्या घामाचा मिळवल्यान, तेका तुझो आधार आसां दी!"

"व्हय म्हाराजा!"

आणि ह्या तिसऱ्या "व्हय" मध्ये किशोरीचाही आवाज होता. सवयीने निघाला. लहानपणापासून गाऱ्हाण्याला जसा निघतो तसाच निघाला, आणि निघाल्यावर तिला कळलं की आपण काय म्हणालो. आजूबाजूला माणसं हात जोडून उभी होती. लक्ष्मी डोळे पुसत होती. किशोरीला देवीकडे वर बघवेना. ती देवीच्या पायांपाशी पडलेल्या फुलांकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एस.टी. पकडून ती ओरोसला गेली. अर्ज घरूनच हाताने लिहून नेला होता. 'अनुभवाच्या दाखल्यात नोकरीस लागल्याचा महिना मी जाणूनबुजून चुकीचा लिहिला आहे. माझी निवड रद्द करावी.'

मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला.

"तुम्ही चौथ्या आहात. यादी लागली. कोणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग?"

किशोरीने अर्ज त्यांच्याकडे पुन्हा सरकवला. मॅडम आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा, 'जाणूनबुजून' लिहिलंत तर तुमच्यावर कारवाई होईलच. पण त्या कंत्राटदारांनी मला फोनवर दुजोरा दिलाय. तेही अडकतील. त्यांचं सरकारी काम बंद होईल. 'नजरचुकीने' लिहा, आणि नोकरी नको म्हणून लिहा. मी घेते."

किशोरी बाहेरच्या बाकावर बसून दुसरा अर्ज लिहायला लागली. 'नजरचुकीने' लिहिताना तिचा हात अडला. खोटं निस्तरायला पुन्हा खोटंच. पण खरं लिहावं तर एजाजभाय बुडत होते. तिने लिहिलं. अर्जाच्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला आणि एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी तिने सांगितलं, "कागदात बसलंय नाय. दाखल्यात महिनो चुकलो."

दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र वाडीत गोष्टीला पाय फुटले. चूक कोणाची? तर कागद देणाऱ्याची. कंत्राटदाराने महिना चुकीचा घातला, पोरीचं वाटोळं केलं. कोणी म्हणालं, मुद्दाम केलं, हाताखालचं माणूस जाईल म्हणून. किशोरी ऐकत होती. रोज म्हणायची, उद्या सांगीन. एजाजभायांकडे आता ती जात नव्हती. कुठल्या तोंडाने जाणार? तिचा राहिलेला पगार त्यांनी घरी पोचवला, सोबत हिशेबाची चिठ्ठी, तीही शुद्ध मराठीत.

महिनाभराने ती दाजींबरोबर रेशन दुकानावर उभी होती. रांग लांब होती. पुढे काशीबाई, शेजारच्या घरची. तोंडाने फटकळ, पण किशोरीच्या लहानपणी तिला कडेवर घेऊन फिरलेली. काशीबाई मागे वळली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दाजी, तुमी तरी काय बघलास? आपल्यातलो माणूस गावलो नाय काय नोकरेक? ह्या लोकांवर इश्वास ठेवल्यावर आणखी काय होतला? चेडवाच्या जिवाचा मातेरा केल्यान मेल्यान!"

रांगेत दोघी-तिघींनी माना हलवल्या. दाजींनी "नशीब आमचा," म्हणून उसासा टाकला.

"काशीकाकी, तेंका कायएक बोलू नको," किशोरी म्हणाली.

"तर काय! अजून तेचीच बाजू घे."

"चूक तेंची नाय. माजी. तेंनी इश्वासान कोऱ्या कागदार सही करून ठेवलेली. मी थंय खोटो महिनो घातलंय. मुद्दाम घातलंय. तेंका इचारलंयसुदीक नाय."

दुकानदाराचा हात वजनकाट्यावर तसाच राहिला. कुणीतरी मागे खाकरलं. काशीबाईचं तोंड उघडं होतं ते मिटायला वेळ लागला. "असां काय," एवढंच ती म्हणाली, आणि उगाच आपली पिशवी झटकायला लागली.

किशोरीला वाटलं होतं, बोलून टाकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. फक्त आता तो सगळ्यांना दिसत होता. दाजींकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. ते तिच्या शेजारीच होते, पण त्यांनी अर्धं पाऊल बाजूला घेतलं होतं.

नंबर आला. दाजींनी अंगठा दिला, तांदूळ घेतले, पिशवी खांद्यावर टाकली. चढाला लागल्यावर त्यांना दम लागला, तशी किशोरीने मागून पिशवीला हात लावला.

"हात काढ," दाजी म्हणाले. मागे वळले नाहीत. "माका जड नाय."

तिने हात काढला आणि चार पावलं मागे राहून चालत राहिली.