लाहूने न टाकलेली पावडर

आमच्या पाड्याची विहीर उधव्याच्या रस्त्याला, सखल शेताच्या कडेला आहे. लाहू तिथला जलसुरक्षक, ग्रामपंचायतीने नेमलेला. पावसाळ्यात रोज सकाळी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी विहिरीत सोडायची, हे त्याचं काम. आम्हा बायकांना तो वास मुळीच आवडायचा नाही.

"लाहूभाऊ, तुझ्या पावडरीने विहिरीतली देवी शिंकते रे!" मी म्हणायची.

"शिंकू दे. तिला डॉक्टर लागत नाही, तुमच्या पोरांना लागतो."

२०१६ च्या श्रावणात रूपी बाळंतपणानंतर सव्वा महिन्याने विहीर पुजायला आली. आमच्यात त्या दिवशी बाळंतीण विहिरीची ओटी भरते, पहिली कळशी काढते आणि ते पाणी घरातले सगळे पितात. रूपीची थोरली, पाच वर्षांची बारकी, आईचा पदर धरून उभी होती. तेवढ्यात लाहू बादली घेऊन आला.

"आजचा दिवस राहू दे ना, भाऊ," रूपी म्हणाली. "पूजेच्या पाण्याला वास नको."

मीही म्हटलं, "एका दिवसाने काय होतंय? देवाचं काम आहे."

तो जरा वेळ घुटमळला. मग बादली परत घेऊन गेला. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला होता, शेतातलं पाणी कठड्याच्या फटीतून आत उतरलं होतं. आम्हाला ते दिसत होतं. रूपीने पाणी फडक्याने गाळून घेतलं, झालं.

तिसऱ्या दिवशी पाड्यात जुलाब सुरू झाले. बाकीचे त्यातून उठले. बारकीला जीपने कासाच्या सरकारी दवाखान्यात नेत होते, ती वाटेतच गेली.

लाहूने पाण्याचा नमुना तपासणीला दिला, पण पावडर पुन्हा सुरू केल्यावरचा. अहवाल आला, पाणी पिण्यास योग्य. त्याला कुणी काही विचारलं नाही. तो मात्र वाळत चालला. एकदा मला म्हणाला, "ताई, विहिरीत वाकलो की खालून कुणीतरी वर बघतंय असं वाटतं. सगळ्यांना खरं सांगावं, तर रूपीचं नाव येतं. मग ती जगेल कशी?"

मी कळशी उचलली. घरी येऊन देवापुढे बसले, पण तोंडातून देवाचं नाव फुटेना.

ग्रामसभेत ग्रामसेवकाने अहवाल वाचला. "म्हणजे पाण्याचा दोष नाही," तो म्हणाला. रूपी मागे तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. लाहू उठला.

"त्या दिवशी मी पावडर टाकली नव्हती."

"का?" सरपंचांनी विचारलं.

रूपीचे ओठ हलले. तिच्याकडे न बघता लाहू म्हणाला, "विसरलो."

"विसरलास? पोर गेली रे! लाज नाही वाटत?" कुणीतरी ओरडलं.

तो हात जोडून उभा राहिला. मला उठायचं होतं. रूपीलाही उठायचं असणार. आम्ही दोघी बसून राहिलो.

त्याचं काम गेलं. आता तो आमच्यासारखाच कळशी घेऊन विहिरीवर येतो. तो दिसला की रूपी दोर सोडून बाजूला होते. मीही होते.

"भर, भाऊ," ती म्हणते.

तो नको म्हणून मान हलवतो आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहतो. आमच्या सगळ्यांच्या कळशा भरल्या की मग तो दोर हातात घेतो.